ही बाजू वर

३ मार्च, सकाळी

निर्णय झाला. हिचा गुडघा आता माझ्या ताब्यात.

ऑपरेशन होऊन दोन महिने होत आले. फिजिओबाईंनी सांगितलंय, रोज वीस मिनिटं चाला, सलग, मध्ये थांबायचं नाही. नाहीतर गुडघा आखडून बसेल. इकडे महिनाअखेर मुलगी बाळंत होणार. मुलीचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. ही म्हणते, मला कोणी खुर्चीत बसवून वर न्यायचं नाही, मी माझ्या पायांनी चढणार. काल म्हणता म्हणता रडली. घरात कोणी रडलेलं मला चालत नाही. मी लगेच सूत्रं हातात घेतो.

घरामागे कालव्याच्या कडेने नवा रस्ता झालाय. सायकली आणि पायी चालणारे, दोघांना मिळून एकच. गुळगुळीत, सावलीचा. प्लॅन असा: पंधरा दिवसांत ही चालेल, महिनाअखेर पळेल. कपबशांच्या कारखान्यात आख्खं पॅकिंग खातं सांभाळलं मी. एक गुडघा म्हणजे किस झाड की पत्ती.

४ मार्च

उत्तम सुरुवात. फाटकातून निघालो आणि पहिल्या बोर्डापर्यंत गेलो.

बोर्ड निळा, गोल. वर सायकल, मध्ये आडवी रेघ, खाली एक मोठं माणूस लहानाचा हात धरून उभं. याचा अर्थ काय? ही म्हणाली, अर्थ असा की चला. मी समजावलं की बोर्ड न वाचता पुढे जाणारी माणसंच अपघातात सापडतात. माझ्या मते आडव्या रेघेचा अर्थ, सायकली वरून आणि माणसं खालून. पण वर तर फांद्या आहेत. पूल नंतर बांधणार असतील.

शिवाय चित्रात हात धरलाय. म्हणजे हात धरणं सक्तीचं असणार. मी हिचा हात धरला. चारचौघांत, लग्नानंतर पहिल्यांदाच. हिने सोडवला नाही. बरं वाटलं. पण कामात भावना आणायच्या नसतात, म्हणून मी बोर्डाचं विवेचन पुढे चालू ठेवलं.

तेवढ्यात मागून घंटी. एक सायकलवाला, घंटीवर अंगठा चिकटवूनच जन्माला आलेला. म्हणाला, काका, बाजूला व्हा. मी विचारलं, कुठल्या बाजूला? शेवटी तोच गवतात गेला.

आजची चाल: बोर्डापर्यंत. उद्या भरून काढू.

५ मार्च

दुसरा बोर्ड. इथे रेघ उभी. डावीकडे सायकल, उजवीकडे माणसं. आम्ही उजवीकडे झालो. चार पावलांवर जमिनीवर सायकलचं चित्र, तेही उजवीकडेच. आम्ही डावीकडे झालो. डावीकडे जमिनीवर माणूस काढलेला, पण उलटा, डोकं आमच्याकडे. तो समोरून येणाऱ्यांसाठी आहे की पडलेला आहे, हे कळायला मार्ग नाही.

मधला पांढरा पट्टा दिव्याच्या खांबापाशी आला आणि संपला. उगाच. त्यापुढे तिसरा बोर्ड: सायकल आणि माणसं दोन्ही, पण रेघच नाही. त्यापुढे 'सायकलस्वारांनी उतरावे'. आणि त्यापुढे नुसतंच 'समाप्त'. काय समाप्त? रस्ता तर सरळ पुढे जात होता, लोक त्यावर हसत-खेळत चालत होते. मी हिला म्हणालो, कायद्याने बघितलं तर ही माणसं कुठेच नाहीत. ही बाकावर बसली होती. तिने नुसता कपाळाला हात लावला. तिलाही पटलं.

७ मार्च

ही म्हणाली, उद्यापासून मी तुमच्याबरोबर येणार नाही. वीस मिनिटं चालायचं सोडून वीस मिनिटं उभं राहते, आणि उभं राहून गुडघा जास्त दुखतो.

सायकलींना घाबरली, बिचारी. बोलून दाखवत नाही, एवढंच. एकतीस वर्षं माल हाताळलाय, मला कळतं.

नवा संकल्प: आधी रस्ता दुरुस्त, मग गुडघा. मुळावरच घाव.

८ मार्च

नगरपालिकेत जाऊन आलो. इंजिनिअर तरुण, सभ्य. चहा पाजला. म्हणाला, बोर्ड एका ठेकेदाराने लावले, पट्टे दुसऱ्याने मारले, चित्रं तिसऱ्याने काढली. तिघांनीही अगदी नियमाप्रमाणे. मी म्हटलं, मग चालायचं कोणी कुठून? तो म्हणाला, काका, जपून.

मी त्याला माझा कारखान्यातला अनुभव सांगितला. सगळा. ऐकता ऐकता त्याने डोळे मिटून घेतले. इतकं मन लावून ऐकणारा अधिकारी मी आजवर पाहिला नाही. निघताना म्हणाला, तुमच्यासारख्यांनीच पुढाकार घ्यायला हवा. म्हणजे परवानगी मिळाली. तोंडी आहे, पण आहे.

९ मार्च

माळ्यावरून कारखान्यातले पत्र्याचे स्टेन्सिल काढले. निवृत्तीच्या दिवशी मी आठवण म्हणून हेच मागून घेतले होते. बाकीचे लोक घड्याळ घेतात. घेवोत.

एक बाणांचा. एक पेल्याचा. एक छत्रीचा. आणि एक खोक्यावर खोकं, त्यावर फुली. या चार चित्रांच्या जिवावर आमच्या कपबशा कुठे कुठे गेल्या! हमाल कुठलाही असो, त्याची भाषा कुठलीही असो. बाण वर दिसले की त्याला कळतं, ही बाजू वर, आडवं पाडू नका. पेला म्हणजे नाजूक माल. छत्री म्हणजे पाण्यापासून लांब. फुली म्हणजे एकावर एक रचू नका. इतकी सोपी भाषा जगात असताना त्या तीन ठेकेदारांना ती सुचू नये! धन्य आहे.

हिला दाखवले. एकेक उलटसुलट करून बघितला. मग म्हणाली, अहो, पण माणसं म्हणजे कपबशा आहेत का? मी म्हणालो, अगदी बरोबर, तोच तर मुद्दा आहे.

ही आता दुपारी शेजारणीकडे जाऊन बसते. विणकाम करत असतील दोघी. छान. तेवढंच मन रमेल. मी जेवून आडवा होतो तो चहालाच उठतो, तोवर ही परत आलेली असते.

११ मार्च, सकाळी

उजाडताच कामाला लागलो. चालणाऱ्यांच्या अर्ध्या भागात बाणांच्या जोड्या मारल्या, पहिल्या बोर्डापासून थेट बाकाच्या पलीकडपर्यंत. संदेश स्पष्ट: इथला माल उभा आहे, उभाच जाऊ द्या. उकिडवं बसून रंगवताना कंबर थोडी बोलली. दुर्लक्ष केलं.

११ मार्च, संध्याकाळी

शिस्त! डोळ्यांचं पारणं फिटलं. सगळे चालणारे एकाच दिशेला. उलट्या बाजूने एक माणूस येईल तर शपथ.

किरकोळ अडचण: गेलेले परत येईनात. पलीकडच्या टोकाला बरीच गर्दी साचली म्हणे. एका आजोबांनी घरी फोन करून मुलाला गाडी घेऊन बोलावलं. परतीचा रस्ताच ठेवलेला नाही, म्हणाले. नवी पद्धत अंगवळणी पडायला वेळ लागतो. कारखान्यातही लागला होता.

घंटीवाल्याने थांबून विचारलं, हे वन-वे कधीपासून? मी त्याला बाणांचा खरा अर्थ सांगितला. तो म्हणाला, म्हणजे मी आडवं पडायचं नाही, एवढंच ना? तयारीचा माणूस आहे. उगाच वाईट बोललो त्याला.

१३ मार्च

वळणावर पेला काढला. तिथे म्हातारी माणसं जास्त असतात. नाजूक माल, सांभाळून न्या. चित्र इतकं सुबक आलं की माझंच मला कौतुक वाटलं.

संध्याकाळपर्यंत चार जणांनी विचारलं, ज्यूसचं दुकान कुठे आहे. एक कुटुंब वळणाला दोन फेऱ्या मारून तहानलेलंच परत गेलं. एका गृहस्थांनी मला धारेवर धरलं की जिथे लहान मुलं खेळतात तिथे बार उघडायला लाज कशी वाटत नाही. मी म्हणालो, अहो, हा पेला म्हणजे तुम्हीच. ते भडकले. त्यांना वाटलं मी त्यांना दारुडा म्हणतोय.

लोकांचं पॅकिंगचं ज्ञान शून्य आहे. शाळेतच शिकवायला हवं.

१४ मार्च

कालव्याला जिथे कठडा नाही, तिथे छत्री काढली. पाण्यापासून लांब राहा. यापेक्षा स्पष्ट काय असणार?

दुपारच्या आत तिथे एक मंडळ चटई टाकून बसलं. सावलीची जागा म्हणून नेमून दिलीय, असं त्यांना वाटलं. पाय पाण्यात सोडून डबे खात होते. मी हातवारे करून सांगितलं, तर मला एक पोळी देऊ केली. घेतली. चांगली होती.

मग फुलीचा स्टेन्सिल. एका सायकलवर दोघं बसतात, त्यांच्यासाठी. नवराबायको डबलसीट आले, चित्र बघून उतरले, बराच काथ्याकूट केला. शेवटी त्यांनी एकावर एक ठेवलेल्या दोन पिशव्या वेगवेगळ्या लटकवल्या आणि पुन्हा डबलसीट बसून गेले. म्हणजे प्रयत्न तर करतात लोक.

ही आज दुपारी शेजारणीकडून आली ती घामाघूम. चेहरा लालबुंद. विणकामात एवढी मेहनत असते, हे मला माहीत नव्हतं. जपून विण, असं सांगितलं. हसत सुटली. हसते हल्ली फार.

१७ मार्च

पेल्याच्या चित्रावर खरोखरच एक ज्यूसवाला येऊन उभा राहिला. हातगाडी, मिक्सर, सगळं. मी विचारलं, इथे का? तो म्हणाला, नगरपालिकेने जागा आखून दिलीये ना. त्याने मला जमिनीवरचं माझंच चित्र दाखवलं.

सुरुवातीला मी संतापलो. मग निरीक्षण केलं. गाडीभोवती ही गर्दी! सायकलींना वाट नाही. त्यामुळे प्रत्येक सायकलस्वार गुपचूप उतरतो, सायकल हातात धरून चालतो, आणि वर ज्यूसही पितो. 'सायकलस्वारांनी उतरावे' हा बोर्ड लागल्यापासून पहिल्यांदाच पाळला गेला! तीन ठेकेदारांना जे जमलं नाही, ते एका पेल्याने करून दाखवलं.

मीही एक ग्लास प्यायलो. त्याला सांगितलं की चित्र मी काढलंय. तो म्हणाला, जरा मोठं काढायला हवं होतं.

हिला म्हणालो, आता रस्ता बिनधोक झाला, परवापासून चालायला सुरुवात करू. ही म्हणाली, बघू. एवढं करूनही उत्साह नाही! पण रागावलो नाही. आजारी माणूस आहे.

१९ मार्च

माझा उजवा गुडघा वाजतो. उकिडवं बसताना एकदा, उठताना दोनदा. काही विशेष नाही. हवा बदलली की वाजतो तसा. आमच्या घराण्यात सगळ्यांचे गुडघे थोडे बोलके आहेत.

हवा तशी बदललेली नाही.

२१ मार्च

हिला घेऊन फिजिओबाईंकडे. मी तिथल्या पायरीवर जरा थांबलो, ही पुढे गेली. मी मुद्दामच तिला पुढे जाऊ दिलं, आत्मविश्वास वाढावा म्हणून.

बाईंनी गुडघा वाकवून पाहिला आणि खूश झाल्या. म्हणाल्या, इतकी प्रगती पाहिली नव्हती, रोजचं चालणं दिसतंय. मी संकोचाने मान खाली घातली. म्हणालो, नियोजन माझं आहे, श्रेय हिचंच. ही खिडकीतून बाहेर बघायला लागली.

मग बाई मला म्हणाल्या, तुम्ही जरा बसून उठून दाखवा. मी म्हटलं, आज नको, पँट इस्त्रीची आहे.

एक मात्र गूढ आहे. ही माझ्याबरोबर चाललीच नाही, तरी गुडघा सुधारला कसा? विचार केला. रस्ता सुरक्षित झाला या नुसत्या जाणिवेने मनावरचा ताण गेला असणार. मनाचा शरीरावर परिणाम होतो, हे मी कुठेतरी वाचलंय.

२३ मार्च

निरोप आला, इंजिनिअरसाहेब स्वतः रस्ता बघायला येणार. पांढरा शर्ट घातला. दोन शब्द बोलायला सांगितलं तर काय बोलायचं, याची आरशासमोर तालीम केली.

संध्याकाळी

साहेब आले ते चार माणसं आणि काळ्या रंगाचा डबा घेऊन. विचारलं, हे कोणी केलं? मी एक पाऊल पुढे झालो. त्यांनी एकदा पेल्याकडे पाहिलं, एकदा माझ्या पांढऱ्या शर्टाकडे. मग म्हणाले, काका, मी पुढाकार घ्या म्हणालो होतो, ब्रश नव्हे.

सगळं पुसलं. बाण, पेला, छत्री, फुली. माझं कुठलं आणि त्यांचं कुठलं हे त्या चौघांना कळेना, म्हणून त्यांनी पट्टे, सायकली आणि तो उलटा माणूसही काळा करून टाकला. बोर्डसुद्धा उतरवले, नवीन येईपर्यंत. वर मला तंबी दिली, पुन्हा रंग दिसला तर दंड.

लोक जमले होते. मला वाटलं माझ्या बाजूने बोलायला. पण सगळे ज्यूसवाल्यासाठी आले होते, त्याला हलवू नका म्हणून. घंटीवाल्याने तर चक्क भाषण केलं. साहेबांनी ज्यूसवाल्याला पलीकडच्या मोकळ्या जागेत गाडी लावायची परवानगी दिली. टाळ्या पडल्या. मी शर्ट बदलून झोपलो. जेवलो नाही. फक्त थोडा भात घेतला.

२४ मार्च

रस्ता नुसता काळा. अराजक. कोणाला कुठून जायचं ते माहीत नाही, म्हणून सगळे हळू जातात, एकमेकांच्या तोंडाकडे बघतात, या या, तुम्ही आधी, करतात. हे किती दिवस चालणार? कोणीतरी मरेल.

२५ मार्च, दुपारी

गुडघ्याच्या ठणक्याने झोप लागेना. लंगडत बाल्कनीत गेलो. खाली कालव्याच्या रस्त्यावर एक बाई टोपी घालून ताड ताड चालत होती. बरोबर दुसरी एक, पण ती मागे पडलेली. काय ती चाल! पाठ ताठ, हात सुटे, नजर समोर. समोरून घंटीवाला आला, त्याने घंटी वाजवलीच नाही. हात हलवला, तिनेही हलवला, तो इकडून गेला आणि ती तिकडून. मी मनात म्हटलं, याला म्हणतात चालणं. या बाईंना भेटून हिच्यासाठी दोन धडे मागायला हवेत.

वळणावरून बाई फिरली. ती हीच होती. टोपी माझी.

चहाला विचारलं. हिने आढेवेढे घेतले नाहीत. म्हणाली, आठ तारखेपासून रोज जातेय, शेजारणीबरोबर, तुम्ही झोपलात की. विणकाम मी कधीच म्हटलं नव्हतं, ते तुम्हीच ठरवलंत. मी विचारलं, मग मला का नाही सांगितलंस? ती म्हणाली, सांगितलं असतं तर तुम्ही आला असतात.

वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. एवढा खपलो मी, तो कोणासाठी?

मग लक्षात आलं, मला आनंदाचा धक्का द्यायचा बेत असणार तिचा. आणि बाण असताना तिला चालता आलंच ना? म्हणजे बाण उपयोगी पडलेच. तसं तिला म्हणालो. ती म्हणाली, बाणांच्या दिवशी मी तिकडच्या टोकाला अडकले होते, शेजारीण म्हणाली, चल गं, कोण बघतंय, म्हणून बाणांच्या उलट चालत आले.

२७ मार्च

फोन! मुलगी झाली! नात! दोघीही सुखरूप. ही फोनवरच रडली. मीही. माझा चष्मा सापडेना, म्हणून.

चार दिवसांनी घरी आणतील, मग जाऊ. हिला तिसऱ्या मजल्यावर कसं चढवायचं, याची योजना तयार आहे. ही पुढे, मी एक पायरी मागे, दोन्ही हात पसरून. तोल गेला तर माल माझ्या हातात. प्रत्येक मजल्यावर विश्रांती. हिने ऐकून घेतलं. पटलं.

३१ मार्च, मुलीच्या इमारतीत

योजनेप्रमाणे सुरुवात केली. ही पुढे, मी मागे, हात पसरून. पहिल्या मजल्यापर्यंत मी एक पायरी मागे होतो. त्यानंतर एक जिना मागे. ही कुठेच थांबली नाही. कठड्याला नुसता हात लावत होती, धरत नव्हती. वरून दार उघडल्याचा आवाज आला, मग सगळ्यांचा एकदम आरडाओरडा, मुलीचं आई आली आई आली, मग हिचं हसणं.

मी दुसऱ्या मजल्यावर आहे. गुडघा वाकत नाही. म्हणजे वाकतो, पण मग सरळ होत नाही. पायरीवर बसलोय. जावई धावत आले, म्हणाले, बाबा, शेजारच्याला बोलावतो, दोघं मिळून खुर्चीत बसवून नेतो वर. मी म्हणालो, काही गरज नाही, इथे वारा छान येतोय. वारा येत नाही. खिडकी बंद आहे.

थोड्या वेळाने पावलं वाजली. ही खाली येत होती. नातीला घेऊन. वरून मुलगी ओरडत होती, आई, जपून, आई, मी येते. ही म्हणाली, तू पडून राहा. एकेक पायरी उतरत आली आणि माझ्या शेजारी पायरीवर बसली. पुन्हा सहज उठता येईल असे पाय ठेवून बसली. नात माझ्या मांडीवर दिली.

एवढीशी आहे. झोपली होती. मूठ घट्ट मिटलेली. मला वाटलं होतं माझ्या हातून काहीतरी होईल, पण झालं नाही. ही म्हणाली, उद्यापासून दुपारी माझ्याबरोबर यायचं, आणि मध्ये थांबायचं नाही. मी म्हणालो, विचार करतो. ती म्हणाली, विचारही करायचा नाही.

मग ती नातीला घेऊन वर गेली. एकदाही थांबली नाही, मी पावलं ऐकत होतो. वर सगळे हसताहेत. चहा झालेला दिसतोय.

माझा खाली पाठवलाय.